निरोपाचे जेवण आणि रंगीत ताटल्या

घरात पाच माणसे असतील आणि त्यांना बाहेर जेवायला जायचे असेल, तर ‘कुठे जायचे?’ या प्रश्नाला किमान सहा उत्तरे येतात. सहावे उत्तर ‘मला कुठेही चालेल’ हे असते, आणि ते देणारे माणूसच पुढे एकेका हॉटेलावर फुली मारत जाते. पुण्यात असतो तेव्हा हा प्रश्न आम्ही नेहमीच्या हॉटेलात जाऊन नेहमीचाच मसाला डोसा मागवून मिटवतो. टोकियोत ती सोय नव्हती.

2024 च्या मे महिन्यात आम्ही उभयता तिथे मुलाकडे होतो. पाच आठवड्यांचा मुक्काम संपत आला होता. शनिवारी सकाळचे विमान, म्हणून शुक्रवारचे रात्रीचे जेवण बाहेर घ्यायचे ठरले. चिरंजीवांनी जाहीर केले, “बाबा, टोकियोत येऊन सुशी न खाता परत जाणं म्हणजे पंढरपूरला जाऊन चंद्रभागेवरूनच माघारी येणं. उद्या सुशी.”

आता मंडळींची ओळख करून देतो, म्हणजे अडचण लक्षात येईल. मी रत्नागिरीकडचा. मासा हा माझा जन्मसिद्ध हक्क. सौ. वाईची आणि पूर्ण शाकाहारी. लग्नाला चाळीस वर्षे झाली, आमच्या घरात तेव्हापासून दोन तवे आहेत आणि ते एकमेकांना शिवत नाहीत. सूनबाई नागपूरच्या, अंडे चालते, त्यापुढे नाही. मुलगा सगळे खातो. नऊ वर्षांची नात जपानी शाळेत जाते आणि आम्ही ज्याच्याकडे बघू शकत नाही तेही मिटक्या मारीत खाते. अशा पाच जणांनी कच्च्या माशासाठी प्रसिद्ध असलेल्या जेवणाला एकत्र जायचे होते.

पण खरी अडचण याहून वेगळी होती. आठवड्यापूर्वी, रात्री सगळे झोपल्यावर, मुलगा माझ्याजवळ गॅलरीत येऊन उभा राहिला. म्हणाला, “बाबा, इथे घर घेतलंय. कर्ज मंजूर झालं. पस्तीस वर्षांचं.” तिथे घरकर्जे इतक्या मुदतीची असतात आणि बदलत्या व्याजाचा दर एक टक्क्याच्याही खाली होता, हे ऐकून माझ्यातला बँकवाला आधी चकित झाला. मग मी मनात बेरीज केली. मुलगा एकोणचाळीस वर्षांचा. कर्ज फिटेल तेव्हा तो चौऱ्याहत्तरचा. पस्तीस वर्षांचे कर्ज घेणारा माणूस त्या गावातून परत येत नाही, हे बँकेत आयुष्य घालवलेल्याला कोणी समजावून द्यावे लागत नाही.

“आईला सांगितलंस?”

“तुम्ही सांगाल का?”

“नाही. घर तुझं आहे. तूच सांग.”

तेव्हा शुक्रवारच्या जेवणात काय खायचे यापेक्षा काय बोलायचे हे मोठे होते. ज्या टेबलावर बसून आईला अशी गोष्ट सांगायची, तिथे ती उपाशी आणि अवघडलेली बसली असेल तर? आपला मुलगा जिथे कायमचा राहणार तिथे आपल्यासाठी साधे पानही मांडलेले नाही, हेच तिच्या मनात बसणार. म्हणून हॉटेलची निवड मी फार गांभीर्याने घेतली. कर्जाच्या अर्जाची छाननी करावी तशी घेतली म्हणा ना.

पहिला प्रस्ताव मुलाचाच होता. गिंझा भागातले एक छोटे दुकान. आठ-दहा खुर्च्या, लाकडी कट्टा, पलीकडे उभा राहून समोरच सुशी करून देणारा आचारी. तिथे मेनूकार्ड नसते. ‘ओमाकासे’ म्हणायचे, म्हणजे ‘तुमच्यावर सोपवले’. त्या दिवशी बाजारात जे उत्तम मिळाले असेल ते तो एकामागून एक पुढ्यात ठेवत जातो. मी विचारले, “दर?” मुलगा जरा चाचरत म्हणाला, “माणशी वीस हजार येन धरा.” येन तेव्हा चोपन्न पैशांच्या आसपास होता. पाच जणांचे एक लाख येन, म्हणजे चोपन्न हजार रुपये. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षाचा सगळा पगार त्यात दोनदा बसला असता.

अशा जागांना मी नावे ठेवत नाही. आचाऱ्याने दहा-दहा वर्षे भात आणि सुरी यांच्याशी झटून मिळवलेली ती कला आहे, आणि कलेला मोल असते. शिवाय असे मासे स्वस्त नसतात. टोकियोचा मासळीबाजार 2018 च्या ऑक्टोबरात त्सुकिजीहून तोयोसूला हलला. तिथल्या नव्या वर्षाच्या पहिल्या लिलावात, जानेवारी 2019 मध्ये, 278 किलोचा एक निळ्या पराचा ट्यूना 33 कोटी 36 लाख येनला गेला होता. ती शुभारंभाची, जाहिरातीची बोली. रोजचा भाव नव्हे. पण वाऱ्याची दिशा त्यावरून कळते. जुन्या दुकानांत काही माशांपुढे आकड्याऐवजी ‘जिका’ एवढेच लिहिलेले असते, म्हणजे ‘आजच्या बाजारभावाने’. पगारदार माणसाने असे वाक्य कुठेही वाचले की खिशावर हात ठेवावा.

पण मी हा प्रस्ताव फेटाळला तो पैशापायी नव्हे. कट्ट्यावर सगळे एका ओळीत बसतात, तोंडे आचाऱ्याकडे. तिथे घरचे बोलणे बोलता येत नाही. आणि ‘तुमच्यावर सोपवले’ म्हटल्यावर ‘मात्र मासा नको’ असे म्हणणे म्हणजे भजनी मंडळाला बोलावून ‘टाळ वाजवू नका’ सांगण्यासारखे आहे.

दुसरा प्रस्ताव सूनबाईंचा. त्या म्हणाल्या, “आई, आपण सरळ निशी-कासाईला जाऊ.” एदोगावा विभागातला हा भाग भारतीयांचा म्हणून ओळखला जातो. 2000 सालच्या सुमारास, संगणकांना शतक बदलताना धाप लागेल अशी धास्ती जगभर होती, तेव्हा आपले बरेच संगणक अभियंते तिथे गेले. तोझाई मार्गावरची गाडी तिथून थेट ओतेमाचीच्या बँका-कंपन्यांच्या भागात जाते, म्हणून वस्ती तिथेच वाढली. आज तिथे डाळ-मसाल्याची दुकाने आहेत, भारतीय जेवणाची हॉटेले आहेत. मूळचे आपल्या महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक 2019 मध्ये त्याच एदोगावाच्या विभागसभेवर निवडून आले. म्हणजे सोय होती. पण सौ.नेच मान हलवली. “पाच आठवडे तुमच्या घरात मीच आमटी केली. आता शेवटच्या दिवशी पैसे देऊन दुसऱ्याची आमटी खाऊ? मला कुठेही चालेल, पण ते नको.”

वर सांगितलेले सहावे उत्तर ते हेच.

तिसरा प्रस्ताव माझा होता आणि तो मला अजूनही आवडतो. मुलाच्या घराजवळच्या गल्लीत एक जुने सुशीचे दुकान होते, नवरा-बायको मिळून चालवणारे. अशा दुकानांत ठरलेल्या किमतीचे संच मिळतात. त्यांना नावे असतात ‘नामी’, ‘जो’ आणि ‘तोकुजो’. साधा, चांगला आणि खास म्हणा. कुठे कुठे ‘पाइन, बांबू, प्लम’ अशी झाडांची नावे देतात, म्हणजे साधा संच मागवणाऱ्याला चारचौघांत ‘साधा’ म्हणावे लागत नाही. ही नजाकत मला फार भावली. संचाची किंमत आधी लिहिलेली असते. अनोळखी शहरात कोणी सुशीला निघाले, तर मी सांगेन, असे दुकान शोधा, मधला संच मागवा आणि शक्य तर दुपारी जा. दुपारच्या जेवणाचे दर पुष्कळदा कमी असतात.

मुलगा जाऊन विचारून आला. दुकानदाराने प्रामाणिकपणे सांगितले की काकडीचा, दुधीच्या जातीच्या फळाच्या वाळवलेल्या पट्ट्यांचा आणि मुळ्याच्या लोणच्याचा असे तीन रोल आजींसाठी होतील. बाकी काही नाही. टेबल नव्हते. कट्टा होता आणि मागे जमिनीवर चटई घालून बसायची खोली होती. सौ.चे दोन्ही गुडघे 2019 पासून संपावर आहेत. प्रस्ताव निकाली. उभ्याने सुशी खायची दुकानेही त्या शहरात आहेत, झटपट आणि माफक दराची. पण गुडघ्यांच्या याच कारणास्तव त्यांचा विचारच झाला नाही. मोठ्या दुकानांच्या तळघरात सुशीचे बांधलेले डबे मिळतात आणि संध्याकाळी उशिरा त्यांवर सवलतीच्या चिठ्ठ्या लागतात. पण डबा घरी आणला की ते बाहेरचे जेवण राहत नाही.

उरली नात. ती पहिल्यापासून एकच सांगत होती. “काइतेन-झुशी!”

फिरत्या पट्ट्यावरची सुशी. मुलाचा चेहरा पडला. “अगं, तिथे शाळेतली पोरं जातात. आजी-आजोबांना निरोप द्यायला तिथे न्यायचं?”

त्याची अडचण मला समजली. आई-वडिलांना स्वस्तात नेले असे होऊ नये, ही ती अडचण. आमच्या पिढीनेही ती भोगली आहे. वडिलांना उडप्याकडे न्यायचे की मोठ्या हॉटेलात, यावर मी एकदा रात्रभर कूस बदलली होती. पण पाच आठवड्यांत मी सुशीविषयी थोडे वाचून ठेवले होते आणि ते वाचन आता कामी आले. मी त्याला म्हटले, “बाबा रे, सुशीचा जन्मच मुळी गाडीवरचा आहे.”

त्याचे असे झाले. सुशी म्हणजे कच्चा मासा हा आपला समज चुकीचा. सुशी म्हणजे आंबट भात. फार जुन्या काळी मासा टिकवण्यासाठी त्याला मीठ लावून शिजवलेल्या भातात महिनोन्महिने दाबून ठेवत. भात आंबे, त्या आंबटपणात मासा टिके. मग भात फेकून देत आणि मासा खात. बिवा सरोवराच्या काठी असा आंबवलेला मासा अजून करतात. पुढे लोकांना धीर निघेना, भातही खावासा वाटू लागला, आणि आंबवण्याऐवजी भातात व्हिनेगर घालायची युक्ती निघाली. 1820 च्या दशकात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, भाताच्या मुटक्यावर माशाचा तुकडा दाबून तिथल्या तिथे द्यायची पद्धत रूढ झाली. तिचे श्रेय हानाया योहेई नावाच्या विक्रेत्याला देतात. ती सुशी रस्त्यावरच्या गाड्यांवर मिळे, आजच्यापेक्षा आकाराने बरीच मोठी असे, आणि कामकरी लोक उभ्या उभ्या हाताने खाऊन पुढे जात. आपल्या वडापावासारखेच म्हणा. आज ज्या चरबीदार ट्यूनाला सोन्याचा भाव येतो, तो बर्फाच्या सोयी नव्हत्या तेव्हा हलका समजत.

मला सगळ्यांत आवडली ती युद्धानंतरची हकिकत. 1947 मध्ये जपानात अन्नाची टंचाई होती आणि हॉटेलांवर बंदी होती. टोकियोच्या सुशीवाल्यांनी तोड काढली. गिऱ्हाइकाने आपल्या वाट्याचा एक वाटीभर तांदूळ आणायचा, दुकानदाराने मजुरी घेऊन त्याची दहा सुशी करून द्यायची. म्हणजे दुकानदार अन्न विकत नव्हता, फक्त घडवून देत होता. आपल्याकडे गिरणीत दळण टाकायचे, तसेच. ज्यांच्या घरात रेशनचे मिलो आणि लाल गहू आले होते, त्यांना हे वेगळे समजवायला नको.

आणि फिरता पट्टा? तो 1958 चा. ओसाकाजवळ योशिआकी शिराइशी नावाच्या दुकानदाराकडे गिऱ्हाईक पुष्कळ आणि माणसे कमी. बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या त्याने पाहिल्या आणि त्याला वाटले, माझ्या ताटल्या अशा का सरकू नयेत? 1970 च्या ओसाका प्रदर्शनात हा पट्टा मांडला गेला आणि देशभर पसरला. सुशी पुन्हा सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. तेव्हा काइतेन-झुशीला जाणे हा कमीपणा नव्हे; ती सुशीच्या मूळ घराची वाट आहे. एवढे भाषण ऐकून मुलगा हसला आणि नातीने मोबाइलवर सात वाजताचा नंबर लावूनही टाकला.

दुकान स्टेशनाजवळ, दुसऱ्या मजल्यावर होते. दारात यंत्राने चिठ्ठी दिली. आत समोरासमोर बाके असलेली टेबले, पाठीला टेकायची सोय. सौ. बसली, गुडघे सरळ केले, आणि नाक किंचित वर करून थांबली. चाळीस वर्षे ही खूण मी ओळखतो. मग म्हणाली, “वास नाही हो.” खरेच नव्हता. ताज्या माशाला वास नसतो आणि चांगल्या सुशीच्या दुकानालाही नसतो. तेव्हा निवडीची ही एक कसोटी लक्षात ठेवावी. दार उघडल्यावर मासळीबाजार आठवला, तर तसेच मागे फिरावे.

पट्टा मात्र रिकामाच फिरत होता. 2023 च्या जानेवारीत एका साखळीतल्या दुकानात एका पोराने सोया सॉसच्या बाटलीला जीभ लावली आणि त्याचे चित्रण देशभर पाहिले गेले. तेव्हापासून बऱ्याच दुकानांनी ताटल्या मोकळ्या फिरवणे सोडले. आता पडद्यावर बोट लावायचे, की आपली ताटली दुसऱ्या रुळावरून आगगाडीसारखी धावत येऊन टेबलाशी थांबते. टेबलावर एक काळा नळ होता. हात धुण्याची सोय समजून मी पुढे झालो तोच नात ओरडली, “आजोबा, हात नाही! चहा!” तो उकळत्या पाण्याचा नळ होता. कपात हिरव्या चहाची पूड टाकायची आणि तिथे पाणी घ्यायचे. टेबलावरचा हा चहा हवा तितका फुकट. टिप ठेवायची नाही, ठेवली तर ते मागे धावत येऊन परत देतात.

आमच्या दुकानात पिवळी ताटली 130 येन, लाल 190, काळी 290. प्रत्येक ताटलीत बहुधा दोन सुशी. खाऊन झालेल्या ताटल्या रचत जायच्या. शेवटी ढीग मोजला की बिल. मला ही पद्धत अतिशय पसंत पडली. खातेवही टेबलावर उघडी पडलेली असते, गिऱ्हाइकाला आणि दुकानदाराला एकच आकडा दिसतो. अशा ठिकाणी कोणी कोणाकडे संशयाने बघत नाही.

आता गंमत ऐका. मासा खाणारा म्हणून छाती काढून बसलेला मी, पहिली ताटली पुढ्यात आली तेव्हा गारठलो. कच्चा मासा! आमच्याकडे मासा तव्यावर चुरचुरल्याशिवाय तो मासाच नव्हे. शेवटी मुलाने ‘साबा’ मागवला. आपल्या बांगड्याचा हा चुलतभाऊ. मीठ लावून व्हिनेगरात मुरवलेला. तो आंबटगोड घास गेला आणि मी माणसांत आलो. मग उकडलेली कोळंबी, मग म्हाकूळ, मग वामेसारखा दिसणारा शिजवलेला ‘आनागो’, आणि सरतेशेवटी धीर करून कुप्याच्या कुळातला लालभडक ट्यूना. सॅमन तर नातीचा प्राण. गंमत म्हणजे जपानी लोक सॅमन पूर्वी कच्चा खात नसत, त्यात जंतांची भीती असे. 1980 च्या दशकात नॉर्वेने आपला पाळीव सॅमन तिथे नेऊन खपवला आणि आज पोरांची ती सर्वांत लाडकी सुशी आहे. परंपरा म्हणून आपण जे कवटाळतो त्यातले किती तरी आपल्या डोळ्यांदेखत आलेले असते.

सुशी हाताने खाल्ली तरी चालते, हे कळल्यावर सौ.ने काड्या बाजूला सारल्या. तिच्यासाठी काकडीचा रोल आला. काकडी हे ‘काप्पा’ नावाच्या पाणभुताचे आवडते खाणे, म्हणून तो काप्पा-माकी. तिने एक तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला. “लिंबूभात आहे गं, फोडणी न घातलेला,” असा निकाल दिला आणि दुसरा उचलला. वाटाण्यासारख्या उकडलेल्या शेंगा आल्या, बटाट्याचे तळलेले काप आले. तिची ताटली रिकामी झाली हे मी पाहिले आणि मुलानेही पाहिले.

मग सूनबाईंनी ‘इनारी’ मागवली. तळलेल्या टोफूच्या गोडसर पिशवीत भरलेला भात. दिसायला शुद्ध शाकाहारी. सौ. हात पुढे करणार तेवढ्यात नात म्हणाली, “थांब आजी.” तिने जवळून जाणाऱ्या मुलीला थांबवून जपानीत काही विचारले. ती मुलगी आत गेली, विचारून आली आणि वाकून काही तरी सांगून गेली. “आजी, यात दाशी आहे. माशाची.”

शाकाहारी माणसासाठी सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट हीच, म्हणून थोडे थांबून सांगतो. ‘कात्सुओ’ हा ट्यूनाच्या जातीचा मासा उकडून, धुरावून, वाळवून लाकडासारखा कडक करतात आणि सुताराच्या रंध्यासारख्या हत्याराने त्याचे पापुद्रे काढतात. त्याचा काढा म्हणजे दाशी. ती मिसोच्या सूपमध्ये असते, अंड्याच्या गोड पोळीत असते, टोफू शिजवलेल्या रसात असते. टेबलावरच्या सोया सॉसमध्येही कधी कधी असते. दुकानातल्या ॲलर्जीच्या तक्त्यात अंडे, खेकडा, शेंगदाणा यांच्या खुणा असतात, कात्सुओची नसते. म्हणून ‘यात मासा आहे का?’ असे विचारून भागत नाही, मासा दिसत नसेल तर ‘नाही’ असेच उत्तर येते. ‘दाशी आहे का?’ असे विचारावे. आणि न विचारता खावे ती काकडी.

सौ.ने इनारीची ताटली सूनबाईंकडे सरकवली. रागावली नाही. नातीकडे बघून म्हणाली, “तू विचारलंस म्हणून बरं झालं हो.” नऊ वर्षांची पोर आजीचा तवा परदेशात सांभाळत होती.

मुलाला तेवढ्याने धीर आला असावा. त्याने कप खाली ठेवला. “आई, एक सांगायचं होतं.”

त्याने सांगितले. घर, कर्ज, पस्तीस वर्षे. भराभर सांगितले, पाठ केल्यासारखे. मी ताटल्यांचा ढीग सरळ करू लागलो. सौ.ने एकदा माझ्याकडे पाहिले. “तुम्हाला माहीत होतं?”

मी मान हलवली. खोटे बोलण्याचे वय राहिलेले नाही.

बाजूच्या टेबलाशी एक ताटली धावत आली, तिच्याबरोबर छोटीशी धून वाजली आणि थांबली. आमच्या टेबलावर कोणी बोलत नव्हते. मग तिने विचारले, “खोल्या किती?”

“तीन. एक तुमच्यासाठी.”

“स्वयंपाकघराला खिडकी आहे का?”

“आहे. पूर्वेची.”

“मग ठीक आहे,” ती म्हणाली.

‘मग ठीक आहे’ या तीन शब्दांत सगळे ठीक नव्हते, हे न कळण्याइतका मी नवखा नवरा नाही. वाईचे घर सोडून ती माझ्याकडे आली, तेव्हा तिच्या आईनेही असेच काहीसे विचारले असेल. पण तिने डोळे पुसले नाहीत. चष्मा सारखा केला आणि नातीला म्हणाली, “ती मघाची काकडी कुठे आहे गं यात? दाखव. मी लावते बोट.” इतका वेळ तिच्यासाठी सगळे नातच मागवीत होती. पडद्यावर काकडीचे चित्र आले, सौ.ने त्यावर बोट ठेवले, जरा जोरातच ठेवले, आणि एकाऐवजी दोन ताटल्या आल्या. दोन्ही तिने संपवल्या.

शेवटी मी ताटल्या मोजल्या. मुलाच्या अकरा, नातीच्या नऊ, माझ्या नऊ, सूनबाईंच्या सहा, सौ.च्या चार. एकूण एकोणचाळीस. त्यातल्या चोवीस पिवळ्या, दहा लाल, पाच काळ्या; 6,470 येन. शेंगा, बटाटे आणि नातीचे आइस्क्रीम धरून 7,400. म्हणजे चार हजार रुपये. कर किमतीतच धरलेला होता. माझा आकडा आणि यंत्राचा आकडा जुळला, याचा मला जो आनंद झाला तो निवृत्त बँकवाल्यांनाच कळेल. सौ. म्हणाली, “माझ्या चारच. बघा, तुमचे किती वाचवले.”

पुण्यात परतल्यावर मित्र विचारतात, टोकियोत सुशी खाल्ली का, कुठे खाल्ली? त्यांना गिंझाचे नाव अपेक्षित असते. मी फिरत्या पट्ट्याचे सांगतो तेव्हा त्यांचा जरा विरस होतो. पण मला आता हॉटेल निवडायचा एक नियम सापडला आहे आणि तो सुशीपुरता नाही. टेबलावर जो सर्वांत कमी खाऊ शकणार आहे, त्याच्यासाठी जागा निवडावी. जास्त खाणारे कुठेही जेवतात. भाव आधी दिसावा, म्हणजे यजमानाचा जीव टांगणीला लागत नाही आणि पाहुण्याचा संकोच राहत नाही. चेहरे समोरासमोर असावेत. आणि विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर मिळावे, मग ते उत्तर ‘हे तुम्हाला चालणार नाही’ असे का असेना.

गेल्या रविवारी मुलाचा फोन होता. नव्या घरात सामान लागले आहे. पूर्वेच्या खिडकीत सूनबाईंनी तुळस लावली आहे, थंडीत ती जगेल की नाही याची चिंता आहे. नात मध्येच फोन घेऊन विचारत होती, तुम्ही कधी येणार? सौ.ने तिकिटाचे काही सांगितले नाही. फक्त विचारले, “ते काकडीवालं दुकान तुमच्या नव्या घरापासून लांब आहे का गं?”

“नाही आजी. चालत दहा मिनिटं.”

“दहा चालतील,” सौ. म्हणाली. आणि गुडघ्याला लावायचे तेल शोधायला आत गेली.